आणि इतर उपस्थित

मराठी नियतकालिकांवर आपल्याकडे थोडेथोडके लिहिले गेलेले नाही. विद्यापीठांतून प्रबंध झाले, संपादकांच्या आठवणी निघाल्या, गौरवग्रंथांची तर गणतीच नको. हे सारे लेखन मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे आणि वाचताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. या लेखनात नियतकालिक म्हणजे त्याचा संपादक आणि फार तर त्याचे दहा-वीस लेखक. एखादे मासिक बंद पडले, एखादे दुसऱ्या गावी गेले, एखाद्यातून फुटून दुसरे निघाले, की अभ्यासक लगेच शोध घेऊ लागतात की अमका कवी पुढे कोठे लिहू लागला, तमका टीकाकार कोणाच्या गोटात गेला. वर्गणीदार कोठे गेले हा प्रश्न त्यांना पडत नाही.

गावोगावच्या वाङ्मय मंडळांची इतिवृत्ते ज्यांनी चाळली असतील त्यांना ही तऱ्हा ओळखीची वाटेल. प्रास्ताविक कोणी केले, पाहुण्यांचा परिचय कोणी करून दिला, चर्चेत कोणी भाग घेतला, आभार कोणी मानले, हे सारे नावानिशी लिहिलेले असते आणि शेवटी एक ओळ असते : ‘आणि इतर उपस्थित ३४.’ आपला वाङ्मयेतिहास हा असाच, सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या इतिवृत्तासारखा आहे. मला आज त्या चौतीस जणांविषयी लिहायचे आहे. सीमाभागातल्या माणसाने ते लिहावे यात नवल नाही. मुंबई-पुण्याच्या वाङ्मयीन सभेत आपली जागा शंभर-सव्वाशे वर्षे बहुधा त्या शेवटच्या ओळीतच राहिली आहे.

एकत्र बसून बोलणारी, वाचणारी, भांडणारी माणसे एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी जातात तेव्हा नेमके काय जाते आणि काय मागे राहते, एवढाच माझा प्रश्न आहे. मराठीत याची उदाहरणे भरपूर आहेत.

पहिले उदाहरण सर्वांना ठाऊक असलेले. ‘केसरी’ निघाला जानेवारी १८८१ मध्ये आणि त्याचे पहिले संपादक आगरकर. सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर टिळकांशी आणि इतर सहकाऱ्यांशी त्यांचे जमेनासे झाले आणि ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. पुढे बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर १८८८ मध्ये, ‘सुधारक’ निघाला. मराठी मजकूर आगरकरांचा, इंग्रजी बाजू तरुण गोखल्यांकडे. मधले वर्ष आगरकरांना स्वतःचे पत्र नव्हते. ज्या वाचकाला सहा वर्षे दर आठवड्याला त्यांची सवय झाली होती त्याने या वर्षात काय केले असेल? बहुतेकांनी ‘केसरी’ चालू ठेवला, हे उघड आहे. संपादक गेला म्हणून सारा वाचकवर्ग त्याच्यामागे चालू लागला, असे घडले नाही. ‘केसरी’ पुढे वाढतच गेला, आणि सनातन्यांनी आगरकरांची त्यांच्या हयातीत प्रेतयात्रा काढली ती याच पुण्यात.

तरीही ‘सुधारक’ फसला असे मी म्हणणार नाही. आगरकरांनी वाचक नेले नसतील, पण भांडण नेले. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकावर दोन्ही पत्रे समोरासमोर उभी राहिली. ‘केसरी’च्या वाचकाला आपला ‘केसरी’ कोणाला उत्तर देतो आहे हे कळायचे तर ‘सुधारक’ कोठून तरी मिळवून वाचावाच लागत असणार. घरी एक आणि वाचनालयात दुसरा, असे करणारे वाचक त्या काळी असलेच पाहिजेत, असा माझा तर्क आहे. दोन कचेऱ्या झाल्या, दोन वर्गणीवह्या झाल्या, पण सभा एकच राहिली. आगरकर १८९५ साली गेले. ‘सुधारक’ त्यानंतरही काही काळ निघाला, पण समोरून येणाऱ्या उत्तराला पुरे पडणारा माणूस त्यात उरला नव्हता, आणि मग त्या पत्राचा पत्ता ठाऊक असूनही तिकडे जाण्याचे कारण उरले नाही.

स्थलांतराचा दुसरा प्रकार आमच्या बेळगावच्या मातीतला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलचे दुकान आणि पुढे नांगरांचा कारखाना बेळगावचा. गावाच्या विस्तारासाठी जागा सोडावी लागली, औंधच्या संस्थानिकांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिले आणि १९१० साली कारखाना, कामगार, त्यांची बायकामुले असे अख्खे बिऱ्हाड तिकडे गेले. त्या माळावरून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, ती मुळात मालाच्या जाहिरातीसाठी. वाचकांनी तिचे मासिक करायला लावले. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी ‘खबर’ हा परभाषेतला शब्द टाका असे सुचवले आणि मासिकाने नाव बदलले. पुढे मासिकाचे बिऱ्हाडही पुण्याला गेले. नाव गेले, गाव गेले, मूळ हेतूही गेला, आणि वाचक मात्र टिकले. कारण सोपे आहे. त्या वाचकाची सभा किर्लोस्करवाडीत कधी भरतच नव्हती. ती टपालाने भरत होती आणि टपालवाला रोजच्याच दारी येत होता. ज्यांचा पत्ता वर्गणीवहीत लिहिलेला आहे त्यांना नव्या जागेची वर्दी द्यायला एक पोस्टकार्ड पुरते. ज्यांचा पत्ता कोठेच लिहिलेला नाही त्यांचे काय, हा खरा प्रश्न. त्याकडे मी येणारच आहे.

आता बडोदे. या उदाहरणावर मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण मराठी मुलखाच्या कडेवर राहणाऱ्यांना ते अधिक जवळचे आहे.

१९४३ साली पुरुषोत्तम आत्माराम चित्रे आणि विमलाबाई चित्रे यांनी बडोद्यातून ‘अभिरुची’ सुरू केली. सयाजीरावांनी घडवलेले ते शहर. वाचनालयांची चळवळ तेथे रुजलेली, राज्यकर्ते मराठी आणि बाजार गुजराती. महायुद्धाचे दिवस, कागदाची टंचाई. अशा वेळी त्या गावातून मराठी नवसाहित्याचे एक महत्त्वाचे मासिक निघाले. मर्ढेकरांची नवी कविता तेथे आली. पु. ल. देशपांडे नावाचा एक तरुण तेथे व्यक्तिचित्रे लिहू लागला. आणि मं. वि. राजाध्यक्ष ‘निषाद’ या नावाने ‘वाद-संवाद’ हे सदर लिहीत. आजच्या वाचकाने त्या सदराच्या नावाकडेच नीट पाहावे. आधी वाद, मग संवाद. ताज्या मजकुरावर, ताज्या वृत्तींवर कोणीतरी दर महिन्याला बोलतो आहे, टोचतो आहे, हसतो आहे, हे पाहण्यासाठी वर्गणी भरणारे लोक तेव्हा होते. कथा-कविता पुढे संग्रहांत येतात आणि टिकतात, पण असे सदर हे त्या त्या महिन्याच्या सभेचे बोलणे असते. सभा उठली की ते ऐकू येईनासे होते. म्हणून ‘अभिरुची’चे वाङ्मयीन कर्तृत्व सांगताना अभ्यासक कवितेपाशी थांबतात, तर मला ते मासिक त्या सदरात जास्त दिसते.

१९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ साली चित्रे कुटुंब मुंबईला आले. ‘अभिरुची’चे पर्व जेमतेम दशकभराचे. तिचे लेखक कोठे गेले हे आपल्याला तपशीलवार सांगता येते, कारण त्यांना जायचे कष्टच पडले नाहीत. त्यांतले कितीतरी मुंबईचेच होते, दुसऱ्या मासिकाची दारे त्यांना उघडी होती. चित्र्यांच्या घरातला मुलगा, बडोद्यात जन्मलेला दिलीप, पन्नाशीच्या दशकातच मुंबईत अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्याबरोबर ‘शब्द’ हे छोटे पत्र काढू लागला. म्हणजे घरातली वाट घरातल्याने पुढे नेली. लेखकांच्या बाजूने पाहिले तर या स्थलांतरात काहीच हरवले नाही.

हरवले ते बडोदे. पहिल्या पंचवीस वर्षांतच, १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन साहित्य संमेलने ज्या गावाने भरवली, तेथे पुढचे संमेलन भरले ते थेट २०१८ साली. मधली चौऱ्याऐंशी वर्षे त्या गावात मराठी वाचक नव्हते काय? होते. मराठी घरे होती, वाचनालये होती, नाटके होत होती. पण मराठीच्या ताज्या वादात आपल्या गावचा टपाली शिक्का उमटतो आहे हे पाहण्याचे सुख त्यांना पुन्हा मिळाले नाही. जे बोलणे त्यांच्या गल्लीतून निघत होते ते आता मुंबईहून त्यांच्याकडे येऊ लागले. १९६० नंतर तर ते परराज्यातून येऊ लागले. हा फरक बारीक आहे आणि तो बडोद्याला, इंदुरला, बेळगावला, पणजीलाच कळेल. स्थलांतराचे यश मोजताना नवी जागा किती भरली हे सगळेच मोजतात. जुन्या जागेत कोण बसून राहिले हे मोजणारा एखादाच.

यावर कोणी म्हणेल की साहित्य लेखक निर्माण करतो, वाचकाला काय, तो चांगले असेल तेथे जाईल. हे मत मी अनेक जाणत्या माणसांकडून ऐकले आहे. मला ते अर्धेच पटते. वाचक चांगल्याकडे जाईल हे खरे, पण जागा कोठे हलली हे त्याला कळले तर. आणि तेथे आपण चालू असे त्याला वाटले तर.

‘सत्यकथे’ची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. १९३३ ते १९८२ अशी जवळजवळ पन्नास वर्षे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात मी भर घालू नये. साभार परत आलेल्या कथेबरोबरच्या पत्रांच्या दंतकथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. मला आठवण करून द्यायची आहे ती इतकीच की या मासिकाची सभा खऱ्या अर्थाने दूरवर पसरलेली होती. जी. ए. कुलकर्णी धारवाडात इंग्रजी शिकवत. मुंबई-पुण्याच्या साहित्यिक मेळाव्यांपासून हा माणूस आयुष्यभर लांब राहिला, त्यांचे जाणेयेणे सारे टपालातून. त्यांच्या मागे प्रसिद्ध झालेल्या पत्रांचे खंड वाचले म्हणजे कळते की घराबाहेर न पडताही माणूस एखाद्या सभेचा किती जागा सभासद असू शकतो. इंदिरा संत बेळगावात राहून कविता पाठवत. त्या काळी आमच्या भागातील एखादा शिक्षक ‘सत्यकथा’ घेई तेव्हा त्या अंकात आपल्या गावचे कोणीतरी बोलत आहे, ही जाणीव त्यात असे.

‘सत्यकथा’ बंद झाली तेव्हा मी शाळकरी मुलगा होतो, तेव्हा तिचा वर्गणीदार असल्याची फुशारकी मला मारता येत नाही. मी ती वाचली एम. ए. करताना, वाचनालयातल्या जाड बांधीव वर्षांतून. त्या वर्षांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे होते. एका कथेच्या शेवटी कोणी ‘कळली नाही’ असे लिहिले होते आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात ‘पुन्हा वाचा’. त्याखाली पहिल्याच अक्षरात, पण वेगळ्या पेन्सिलीने, ‘वाचली. तरीही नाही’. वाचनालयाची पुस्तके खराब करू नयेत असे मी गेली तीस वर्षे मुलांना सांगतो आहे, आणि ते बरोबरच आहे. पण ‘सत्यकथे’वरचे कोणतेही परीक्षण मला त्या तीन ओळींइतके त्या मासिकाजवळ घेऊन गेलेले नाही. ही दोन माणसे कोण होती कोणाला ठाऊक. एकमेकांना ती भेटली असतील असेही नाही.

१९६९ साली काही तरुणांनी मौजेच्या कचेरीपुढे ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. राजा ढाले यांचा ‘सत्यकथेची सत्यकथा’ हा लेख त्याच वेळचा. या प्रसंगाकडे आपण बंड म्हणून पाहतो, आणि ते होतेच. पण जाळायला अंक आधी मिळवावा लागतो, आणि इतका राग यायला तो बारकाईने वाचावा लागतो. ती होळी पेटवणारे ‘सत्यकथे’चे सर्वांत मन लावून वाचणारे वाचक होते, असे माझे मत आहे. त्या मासिकाची सभा किती जिवंत होती याचा यापेक्षा चांगला दाखला मला दुसरा सापडत नाही. १९८२ साली ती बंद झाली तेव्हा हळहळ पुष्कळ झाली, पण कोणाला अंक जाळावासा वाटेल अशी स्थिती तेव्हा उरलेली नव्हती.

नंतर काय झाले? लेखकांची सोय झाली. ‘मौजे’चा दिवाळी अंक चालू राहिला, दुसरी मासिके होती, धुळ्याहून १९८५ साली पुरुषोत्तम पाटलांनी केवळ कवितेसाठी ‘कवितारती’ काढले आणि मुंबई-पुण्याबाहेरून ते नेटाने चालवून दाखवले. पण दर महिन्याच्या बोलण्याची जी लय होती, मागच्या अंकातल्या कथेवर पुढच्या अंकात काहीतरी येईल म्हणून वाट पाहायची, ती गेली. वर्षातून एकदा येणाऱ्या अंकात उत्तर द्यायचे तर प्रश्न विसरलेला असतो. मी हे एका दिवाळी अंकातच लिहितो आहे याची मला जाणीव आहे. दिवाळी अंक १९०९ साली ‘मनोरंजन’कर मित्रांनी काढला तो मासिकाचा सणाचा पोशाख म्हणून. अंगच नाहीसे झाले आणि पोशाख तेवढा खुंटीवर राहिला, अशी आज कित्येक ठिकाणी अवस्था आहे.

होळी करणाऱ्यांच्या पिढीने स्वतःच्या जागा उभारल्या. ‘असो’, ‘येरू’, ‘वाचा’ यांसारखी नावे आज आदराने घेतली जातात आणि त्यांनी मराठी गद्याला जो मोकळेपणा दिला त्याचे ऋण मोठे आहे. पण त्यांचे आयुष्य थोडे ठरले, आणि त्याचे कारण नेहमी पैशाचे म्हणून सांगितले जाते. मला आणखी एक कारण दिसते. या पत्रांनी स्वतःला अभिमानाने अनियतकालिक म्हणवले. बोलणाऱ्याला अनियमितपणा चालतो, किंबहुना आवडतो. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा तो बोलेल. ऐकणाऱ्याचे तसे नसते. त्याला दिवस ठाऊक असावा लागतो, वार ठाऊक असावा लागतो. दुकान बंद करून, जेवण उरकून, शेवटच्या बसचा हिशेब करून तो यायचा असतो. नव्या जागेवर ही मंडळी गेली ती सारी बोलणारी होती. ऐकणाऱ्यासाठी बाक टाकायचे त्यांच्या ध्यानात आले नाही, किंवा ते त्यांना गरजेचे वाटले नाही.

याच काळात औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ उभे केले. त्याचे वेगळेपण कोणत्या विचारासाठी ते निघाले एवढ्यातच नाही. त्याने लेखक-वाचक मेळावे घेतले आणि त्या नावात वाचक हा शब्द होता. ज्यांना प्रस्थापित मासिकांच्या सभेत कोणी बसा म्हटले नव्हते, त्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना पहिल्यांदाच जागा द्यायची होती. मेळाव्यात मागे बसून ऐकलेला पोरगा पुढच्या अंकात कविता पाठवतो, हे तेथे घडत गेले. मराठीतल्या एवढ्या स्थलांतरांत इतर उपस्थितांची नावे इतिवृत्तात वर चढलेली पाहायची तर मी याच नियतकालिकाकडे बोट दाखवीन.

माझ्या धंद्यातला एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. पट घसरला की वर्ग बंद होतो, आणि सीमाभागात मराठी वर्गांचे पट घसरत आहेत हे नव्याने सांगायला नको. वर्ग बंद झाला की मुलांना शाळा सोडल्याचा दाखला द्यायचा आणि शेजारच्या शाळेत पाठवायचे. कागद चोख असतो : जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. दाखल्यावर कोठे असे लिहिलेले नसते की हे पोर मागच्या बाकावर बसते, तोंड उघडत नाही, पण याची शेजारीण बरोबर असेल तर त्याला सगळे येते. नव्या शाळेत हुशार मुले आठ दिवसांत मिसळतात. गळतात ती ही. आणि गळाली हे कळायलाही सहामाही यावी लागते, कारण हजेरीला ‘उपस्थित’ म्हणण्यापलीकडे त्यांचा आवाज कोणी ऐकलेलाच नसतो.

आमच्या गावातील एका वाचक मंडळाचे असेच झाले. नाव घालण्याचे कारण नाही, असे मंडळ प्रत्येक गावात असते. बाजारपेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याची बैठक भरे. वाडा विकला गेला. पदाधिकाऱ्यांनी हमरस्त्यापलीकडच्या वसाहतीत चांगले सभागृह मिळवले, पंखे, खुर्च्या, ध्वनिक्षेपक सर्व काही. ज्यांचे दूरध्वनी क्रमांक वहीत होते त्या सर्वांना कळवले. वहीत क्रमांक होते ते कार्यकारिणीचे आणि वक्त्यांचे. पहिल्या बैठकीचा अहवाल वर्तमानपत्रात आला, त्यात स्थलांतर उत्साहात पार पडले असे म्हटले होते.

माडीच्या जिन्याजवळच्या बाकावर एक शिंपीकाम करणारे गृहस्थ बसत. अनेक वर्षे. बैठकीत ते एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दुकानावरून गेलो की शिवण थांबवून काल वक्त्याचे कोठे चुकले ते सांगत आणि ते बहुधा बरोबर असे. दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला विचारले, “काय वो सर, मंडळ बंद झालं काय? दोन शनिवार जाऊन आलो, कुलूप हाय.” मी नवी जागा सांगितली. त्यांना कोणी कळवले नाही याचे मला वाईट वाटले, तसे मी म्हणालोही. ते म्हणाले, “मला सांगायचं कुणाच्या ध्यानात येणार? मी कुठं कधी काय बोललोय.” त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. ते नव्या जागी एकदा येऊन गेले. बैठक संपेपर्यंत त्यांची बस निघून गेली होती. नंतर आले नाहीत.

त्या सभागृहात आता सात-आठ जण जमतात आणि सगळे बोलतात. एक बोलत असताना उरलेले आपली पाळी केव्हा येते ते पाहत असतात. चर्चेचा दर्जा घसरला असे मंडळाचे जुने सभासद म्हणतात. मला वाटते दर्जा बोलणाऱ्यांचा घसरलेला नाही. माडीवर बोलताना समोर जिन्याशी बसलेला कोणीतरी गप्प राहून ऐकतो आहे आणि उद्या हिशेब मागणार आहे, ही जी आच होती ती विझली आहे. तेच ‘वाद-संवाद’चे, तेच समासातल्या पेन्सिलीचे.

आता हेच मंडळ पुन्हा हलणार आहे. सभागृहाचे भाडे परवडत नाही आणि शहरातल्या एका मोठ्या संस्थेने आपल्या इमारतीत जागा देऊ केली आहे, सभासदांनाही त्यांच्या वहीत वर्ग करून घेण्याची तयारी दाखवली आहे. मी या स्थलांतराच्या विरुद्ध नाही. जागा धरून बसण्यात काही पुण्य आहे असे मला वाटत नाही, ‘केसरी’तच बसून राहिले असते तर आगरकर आगरकर झाले नसते. माझे म्हणणे मी कार्यकारिणीला लेखी दिले आहे. जुन्या माडीच्या दारावर आणि सध्याच्या सभागृहाच्या दारावर नव्या जागेचा फलक वर्षभर राहू द्यावा, वाड्याच्या नव्या मालकाशी मी स्वतः बोललो आहे, त्याची हरकत नाही. बांधीव अंकांची दोन कपाटे आधी जावीत आणि खुर्च्या मागून. मागच्या बैठकीत मर्ढेकरांवरून जो वाद अर्धवट राहिला आहे तोच नव्या जागेच्या पहिल्या बैठकीचा विषय असावा, उद्घाटनाचे भाषण नको. दुसरा शनिवार बदलू नये. आणि येणाऱ्या प्रत्येकाचे नाव व पत्ता दाराशीच लिहून घ्यावा, बोलो न बोलो.

शेवटची मागणी वेळ खाईल असे चिटणीसांचे म्हणणे पडले. त्यासाठी दहावीची दोन मुले मी पाठवीन असे कळवले आहे, त्यांचे अक्षर चांगले आहे. बैठकीची वेळ साडेसहाऐवजी साडेपाच करण्याला मात्र अद्याप मान्यता मिळालेली नाही. बाजारपेठेकडे जाणारी शेवटची बस सव्वाआठला सुटते.